बच्छाव अण्णांचं सील

आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलेल्या प्रत्येक माणसाची पहिली झडती बच्छाव अण्णांनी घेतलेली आहे. माझीही घेतली. आमच्या सामानाचा टेम्पो गेटमधून आत शिरला, तेव्हा एक सडपातळ, ताठ गृहस्थ मागे येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, पायात पॉलिश केलेले काळे बूट. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून हातभार लावायला आले असतील. त्यांनी दोरीनं बांधलेल्या गादीच्या वळकटीला बोटानं टोचून पाहिलं, मग थापटून पाहिलं आणि मला विचारलं, "ह्याच्यात काय आहे?"

"गादी आहे," मी म्हटलं.

"गादी अशी उभी राहत नसते, वहिनी. पोटात काही असल्याशिवाय."

पोटात सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ होतं. फुटू नये म्हणून मीच ते गादीत गुंडाळलं होतं आणि धांदलीत साफ विसरले होते. हमाल ती वळकटी जमिनीवर टाकणारच होता. घड्याळ वाचलं म्हणून आभार मानावेत, की परक्या माणसानं आमच्या गादीत हात घातला म्हणून रागवावं, हे मला ठरवता येईना. तोवर अण्णा पुढच्या खोक्याकडे वळलेसुद्धा होते.

अण्णांची जवळजवळ सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. आग्रा रोडनं नाशकात शिरणारी मालाची गाडी थांबवायची, कागदावर लिहिलेला माल आणि गाडीतला माल एकच आहे ना ते बघायचं, मग सोडायची. पुढे जकात गेली, नाकाही गेला. त्या जागेवर आता वडापावच्या गाड्या लागतात. अण्णांना कुठल्याशा ऑफिसात एक टेबल मिळालं आणि तिथून ते निवृत्त झाले. पण नाका त्यांच्या डोक्यातून काही उठला नाही. इंदिरानगरातल्या आमच्या चार मजली बिल्डिंगच्या जिन्यात तो चोवीस तास चालू असायचा.

गाव त्यांचं बागलाणातलं, सटाण्याजवळचं. एरवी ते तुमच्याआमच्यासारखंच बोलायचे. संशय आला की मात्र आवाज खाली यायचा, डावा डोळा बारीक व्हायचा आणि गावाकडची अहिराणी तोंडात यायची. "काहीतरी गडबड शे." मेथीच्या जुडीच्या आतल्या काड्या, लिफ्टमधला अनोळखी माणूस, सोसायटीच्या सेक्रेटरीचं जास्त गोड बोलणं, सगळ्यावर हा एकच शेरा. गंमत म्हणजे निम्म्या वेळा खरंच काहीतरी गडबड निघायची. त्यामुळे त्यांना हसायचीही सोय नव्हती.

माणूस ओळखायचं त्यांचं एक शास्त्र होतं. ते त्यांनी मला गच्चीवर पापड वाळत घालताना सांगितलं. मी पापड घालत होते आणि ते माझ्या पापडांवर नजर ठेवून होते, का ते विचारू नका.

"जो भांडतो ना वहिनी, तो सच्चा. गाडी थांबवली की शिव्या घालणार, उशीर होतोय म्हणून हात नाचवणार. त्याला बिनधास्त सोडायचं. पण जो खाली उतरतो, नमस्कार करतो, या साहेब चहा घेऊ म्हणतो, त्याची गाडी पार रिकामी करायची."

"आणि एखादा बिचारा स्वभावानंच गरीब असला तर?"

"ट्रक चालवणारा माणूस स्वभावानं गरीब?" अण्णा म्हणाले. "तिथंच तर पकडायचं."

एकदा म्हणे एक कांद्याची गाडी आली. ड्रायव्हर इतका नम्र, की अण्णांनी भर दुपारी सगळे कांदे खाली घ्यायला लावले. तळाशी साड्यांचे गठ्ठे निघाले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकली. दर वेळी ड्रायव्हर आधीपेक्षा जास्त नम्र झालेला असायचा.

पण अण्णांची खरी ख्याती होती त्यांच्या सीलबद्दल. कागदाची अरुंद पट्टी कापायची, खळ लावायची, जिथं दोन भाग मिळतात त्या फटीवर आडवी चिकटवायची आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे येईल अशी निळ्या शाईत सही ठोकायची. त्यांच्या घरात लोणच्याच्या बरणीला सील, ट्रंकेला सील, माळ्याच्या दाराला सील. बायको होती तोवर ती बरणीचं सील सरळ फाडायची आणि "घाला आता मला तुरुंगात" म्हणायची. ती गेल्यावर फाडणारं कुणी राहिलं नाही. मग अण्णांची सीलं घराबाहेर आली. मीटरच्या खोलीला लागली, गच्चीच्या दाराला लागली आणि एक दिवस पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही लागली.

नेमके तेव्हाच टाकी धुणारे आले आणि अण्णा लग्नाला सटाण्याला गेलेले. खरं तर ती एक कागदाची पट्टी. नखानं निघाली असती. पण माणसं टाकीभोवती उभी राहिली, सेक्रेटरी वर आले, त्यांनी सही पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या, अण्णा आल्यावर बघू." टाकी धुणारे निघून गेले. आम्ही सगळे सुशिक्षित लोक आणखी पंधरा दिवस तेच गढूळ पाणी प्यायलो, पण सील कुणी तोडलं नाही. अण्णा आल्यावर त्यांनी सील तपासलं, शाबूत असल्याचं पाहून समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "बघा, शिस्त आहे आपल्या बिल्डिंगला."

हे सगळं वाचून वाटेल, की हा माणूस नकोसा होता. नव्हता. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा अण्णा न बोलावता यायचे आणि खाटेशेजारच्या स्टुलावर ताठ बसायचे. सलाईनची बाटली बदलली की चष्मा वर करून लेबल वाचायचे. नर्स वैतागायच्या. एका संध्याकाळी त्यांनी औषधाच्या दुकानातून आलेली गोळ्यांची पट्टी उजेडात धरली आणि माझ्या हातात परत दिली. मुदत उलटून गेली होती. मी ती द्यायलाच निघाले होते. त्या दिवशी मला कळलं, की जगातला कुठलाही माल आपल्या माणसापर्यंत तपासल्याशिवाय पोचू द्यायचा नाही, हीच अण्णांची माया करायची रीत आहे. मला ते फार आवडू लागले ते तेव्हापासून.

म्हणूनच सुनंदाच्या कॉम्प्युटरची गोष्ट मला लिहवत नाही, आणि ती लिहिल्याशिवाय अण्णा पुरे होत नाहीत.

सुनंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. बिल्डर लोकांना इमारत बांधण्याआधीच ती कशी दिसेल याची चित्रं कॉम्प्युटरवर करून देते. पुण्यातली नोकरी सोडून ती वडिलांसाठी नाशकात आली आणि घरूनच काम करू लागली. त्या कामाला दणकट मशीन लागतं. तिच्या जुन्या ऑफिसचे कॉम्प्युटर मुश्ताक नावाचा एकजण बघायचा. मालेगावचा. घरचे यंत्रमाग सोडून ह्या धंद्यात आलेला आणि नुकतंच इथं नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत स्वतःचं छोटं दुकान टाकलेला. सुनंदानं त्याच्याकडूनच सुटे भाग घेऊन मशीन जोडून घ्यायचं ठरवलं.

अण्णा बरोबर गेले. मुश्ताकनं एकेक भाग खोक्यातून काढून बसवला तो अण्णांच्या डोळ्यांदेखत. काचेच्या दाराचा कॅबिनेट सुंदर दिसतो म्हणून त्यानं सुचवलं, तर अण्णा म्हणाले, "आत काय आहे ते चोराला दाखवायचं कशाला? पत्र्याचा द्या." मुश्ताक हसून बरं म्हणाला. मग त्यानं विचारलं, "चाचा, चहा मागवू?"

तिथंच सगळं बिघडलं, असं मला वाटतं.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. सुनंदानं समजावलं ते सांगते. मशीनमध्ये मेमरीच्या पट्ट्या असतात, त्या खाचांत बसवतात. जलद पट्ट्या घेतल्या तरी मशीन आपणहून त्या सावकाशच चालवतं. त्यांचा पुरा वेग हवा असेल, तर मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. मुश्ताकनं दुकानात ते केलं होतं आणि चालवून दाखवलं होतं.

घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांनी सुनंदाचं काम अडखळायला लागलं. तिनं पाहिलं तर मेमरीचा वेग खोक्यावर छापल्यापेक्षा कितीतरी कमी. तिनं सेटिंग पुन्हा चालू केलं, तर मशीन उठेचना. पंखे घुं घुं फिरताहेत आणि पडदा काळाठिक्कर.

तिनं हे जेवताना सहज सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला. "मापात पाप," ते म्हणाले. "खोक्यावर एक, आत दुसरं. काहीतरी गडबड शे."

मुश्ताक दुसऱ्याच दिवशी आला. तोवर अण्णांनी पत्र्याच्या कॅबिनेटला चारी बाजूंनी सील ठोकलेलं होतं. मी तेव्हा तिथंच होते. सुनंदाला मुगाचं बिरडं द्यायला गेले होते आणि जे दिसलं ते सोडून घरी येण्याइतकी मी सज्जन नाही.

"हात लावायचा तो फक्त कीबोर्डला," अण्णांनी बजावलं आणि खुर्ची ओढून त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले.

मुश्ताकनं सेटिंग चालू केलं. पडदा काळा. बराच वेळ वाट पाहिली. काळाच. मागच्या बाजूला एक बारकं बटण असतं, ते दाबून धरलं की सगळी सेटिंगं पुसली जातात. ते दाबल्यावर मशीन उठलं, पण सावकाशच्याच वेगावर. मग त्यानं पुऱ्या वेगाऐवजी थोडा कमी वेग देऊन पाहिला. पुन्हा अंधार. पुन्हा बटण. मशीनचं आतलं सॉफ्टवेअर नवीन घालून पाहिलं. तरी तेच. त्याच्या कपाळावर घाम आला. प्रत्येक वेळी पडदा काळा झाला की अण्णा माझ्याकडे बघून हलकेच मान डोलवत. त्यांच्या दृष्टीनं तो एकेक पुरावा जमा होत होता.

"चाचा, एकदा आत बघू द्या," मुश्ताक म्हणाला. "बस, एकदा."

"उघडलं की बदलणार."

"काय बदलणार?"

"ते तुम्हाला माहीत."

"दुकानात चालत होतं, चाचा. तुमच्यासमोर चालवून दाखवलं होतं ना?"

"दाखवताना सगळंच चालतं," अण्णा म्हणाले.

मुश्ताकनं आवाज चढवला नाही. खाली बघत राहिला, मग "ठीक आहे चाचा, मी उद्या फोन करतो" म्हणून निघून गेला. तो जिना उतरेपर्यंत अण्णा थांबले आणि मला म्हणाले, "बघितलं? भांडला नाही."

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांचा मेसेज आला. द्वारकेच्या मागच्या अमुक दुकानात जलद माल सांगून हलका माल देतात, सभासदांनी सावध राहावं. खाली पूर्ण नाव, निवृत्त, जकात विभाग. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. कुणीतरी "हे लोक असेच" असंही लिहिलं, आणि ते वाचून माझं डोकं फिरलं, पण अण्णांचा मेसेज काही मागे गेला नाही.

ह्या मेसेजनं मुश्ताकचं काय गेलं ते आम्हाला सुनंदाकडून कळलं. सी विंगमधले गांगुर्डे सर कॉम्प्युटरचा क्लास काढणार होते. क्लासची सगळी मशीनं ते सुनंदाच्या शब्दावर मुश्ताककडून घेणार होते. दुकान टाकल्यापासूनची त्याची ती पहिली मोठी ऑर्डर. ती मिळाली तर दुकान टिकणार होतं, नाहीतर पुन्हा मालेगावला मागांच्या खडखडाटात. गांगुर्डे सरांनी त्याला फोन करून सांगितलं, तूर्त थांबू.

सुनंदा वडिलांना उलट बोलणारी मुलगी नाही. पण त्या दिवशी तिचा आवाज आमच्या घरात ऐकू आला. "माझ्या शब्दावर तो माणूस उभा होता, अण्णा! रविवारी ते खोकं उघडायचं. तुम्हाला हवे ते साक्षीदार बोलवा. नाहीतर मी स्वतः सील फोडते."

अण्णा तयार झाले. साक्षीदार म्हणजे त्यांच्या भाषेत पंच. एक गांगुर्डे सर आणि दुसरी मी. "बाई पंच चालते का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुमची नजर चांगली आहे. मेसेज वाचल्यापासून माझ्यावरच रोखलीय."

रविवारी सकाळी मुश्ताक आला. अण्णांनी त्याला बाह्या वर करायला लावल्या. त्यानं केल्या. त्याचा स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवायला लावला आणि स्वतःचा दिला. मग भिंग घेऊन चारही सीलं तपासली, आम्हाला दाखवली आणि ब्लेडनं कापली. मुश्ताकनं पत्रा बाजूला काढला.

आत, मेमरीच्या खाचांवर, कागदाच्या आणखी दोन पट्ट्या होत्या. निळ्या शाईतली सही.

"ही माझी आतली सीलं," अण्णा आमच्याकडे वळून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "शाबूत आहेत. पंचांनी बघून घ्या."

"आतली?" गांगुर्डे सर म्हणाले. "म्हणजे हे तुम्ही आधी उघडलं होतं?"

"तपासणी केली. घरी आणल्यावर माल तपासायला नको? मेमरीच्या पट्ट्या काढून लेबलं वाचली, परत लावल्या. रिकाम्या खाचा सील केल्या. माल नेहमी रिकाम्या जागेतच लपवतात, सर."

मुश्ताक खाचांकडे बघत उभा होता. चार खाचा होत्या. पहिलीत मेमरीची एक पट्टी, तिसरीत एक. दुसरी आणि चौथी अण्णांच्या सहीखाली बंद. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग सगळं उमगल्यासारखा तो एकदम शांत झाला. सुनंदानं तोंडावर हात ठेवला. तिलाही कळलं होतं. मला आणि गांगुर्डे सरांना अजून काही कळलं नव्हतं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं. "बोला की."

मुश्ताकनं एकदा गांगुर्डे सरांकडे पाहिलं. मग अण्णांकडे.

"काही नाही, चाचा," तो म्हणाला. "दोन पट्ट्या असल्या की दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. पहिल्या-तिसऱ्या खाचेत लावल्या की मशीन सावकाश चालतं, पण वेग वाढवला की उठत नाही. माझ्याच हातून घाईत चुकीच्या लागल्या असतील. माफ करा."

गांगुर्डे सरांनी "अस्सं" म्हणून मान हलवली. म्हणजे माल चोख, पण कारागीर हलगर्जी. ऑर्डर गेली ती गेलीच, हे त्या "अस्सं"मध्ये ऐकू येत होतं. मुश्ताकलाही ते ऐकू आलं असणार.

अण्णांचा डावा डोळा बारीक झाला.

"खोटं बोलतोय हा," ते म्हणाले.

"अण्णा!" सुनंदा ओरडली.

"खोटं बोलतोय. मी दुकानात समोर उभा होतो. ह्यानं दुसऱ्या आणि चौथ्याच खाचेत लावल्या होत्या. पहिली मोकळी ठेवली म्हणून तर मला संशय आला. गाडीत माल पुढून भरतात. पहिली जागा सोडून दुसरीत कोण भरतं? घरी आल्यावर मी त्या पहिलीपासून..."

वाक्य तिथंच थांबलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वाकून स्वतःची सही बघत राहिले.

"मन्ही सही शे ही," ते अगदी हळू म्हणाले.

मुश्ताकनं ब्लेड उचललं, पण सीलला लावलं नाही. अण्णांच्या पुढे धरलं. अण्णांनी आपल्या हातानं दोन्ही सीलं कापली. मुश्ताकनं मेमरीच्या पट्ट्या एकेक खाच पुढे सरकवल्या, वेगाचं सेटिंग चालू केलं. पडदा काळा झाला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि उजळला. पुऱ्या वेगावर. कुणाला धड आनंदही करता येईना.

अण्णांनी त्याच दुपारी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. दुकानाचा माल चोख आहे, कारागीर चोख आहे, चूक सर्वस्वी माझी. खाली तेच पूर्ण नाव. मला वाटलं, संपलं प्रकरण.

संपतं कसलं? संशय घेताना लोकांनी अण्णांवर डोळे झाकून विश्वास ठेवला होता. आता मात्र सगळ्यांचे डावे डोळे बारीक झाले. पार्किंगमध्ये दोघं बोलताना मी ऐकलं, "दबाव आला असेल हो म्हाताऱ्यावर." "नाहीतर मिटवलं असेल आपसात. बच्छाव अण्णा आणि चूक कबूल करणार? काहीतरी गडबड आहे." गांगुर्डे सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं होतं, तरी तेही म्हणाले, "आता पालकांच्या कानावर गेलंय. नकोच ते." त्यांनी मशीनं दुसरीकडून घेतली.

हे कळलं तेव्हा अण्णा आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "वहिनी, खरं सांगितलं तरी लोक मानत नाहीत हो," ते म्हणाले. इतका गोंधळलेला माणूस मी पाहिला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांच्या 'नाही'वर कुणी शंका घेतली नव्हती, आणि 'हो'ची कुणाला सवयच नव्हती. मला त्यांची दया आली आणि रागही आला. मी म्हटलं, "मग त्याच्या दुकानात जाऊन सांगा. इथं जिन्यात सांगून काय उपयोग?"

मी ते रागाच्या भरात बोलले. त्यांनी शब्दशः घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा जेवण झालं की बूट घालून सिटी बसनं द्वारकेला जाऊ लागले. मुश्ताकच्या दुकानाबाहेर एका स्टुलावर ताठ बसायचे. गिऱ्हाईक आलं की उठून स्वतःची ओळख द्यायचे, "मी जकातीत होतो. इथला माल मी तपासलेला आहे. बिनधास्त घ्या." सुनंदा म्हणाली, पहिल्या आठवड्यात त्यांना बघून काही गिऱ्हाइकं घाबरून परत गेली. मुश्ताकनं त्यांना कधी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. फक्त ऊन फिरलं की स्टूल सावलीत सरकवायचा. हळूहळू दोघांचं बोलणं सुरू झालं. भांडणंही व्हायला लागली, वायरींच्या भेंडोळ्यांवरून, दुकानाच्या पाटीवरून. एकदा मुश्ताक चक्क ओरडला, असं अण्णांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

लेकीच्या बाळंतपणाला निघण्याआधी मला तिनं मागितलेला कीबोर्ड घ्यायचा होता, म्हणून एका दुपारी मी त्या दुकानात गेले. तेच माझं अण्णांना शेवटचं बघणं. मी परत आले तेव्हा अण्णा नव्हते. मी लेकीकडे असतानाच एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत, असं सुनंदानं फोनवर कळवलं होतं.

त्या दुपारी दुकानात अण्णा एकटेच होते. स्टुलावर नाही, आत, मुश्ताकच्या खुर्चीपाशी, पण खुर्चीत न बसता उभे. सगळी कपाटं उघडी, सगळा माल तसाच मांडलेला.

"मुश्ताक कुठाय?"

"मालेगावला गेला. वडिलांना दवाखान्यात नेलंय. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला."

"आणि दुकान?"

"मला सांगून गेला." अण्णांनी उघड्या कपाटांकडे हात केला. "मी म्हटलं, अरे, माल मोजून घे, कपाटांना कुलपं लाव, मग जा. तर गाडीला किक मारत म्हणाला, चाचा, तुम्ही आहात ना. आणि गेला पण."

त्यांनी मला कीबोर्ड काढून दिला. तेव्हा माझं लक्ष काउंटरच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथं एक रुमाल पसरला होता आणि त्यावर ओळीनं चष्म्याचं घर, घराच्या किल्ल्या, पेन, बसचं तिकीट, गोळ्यांची डबी आणि पाकीट मांडून ठेवलं होतं. सगळं अण्णांचं. त्यांच्या पँटीचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढलेले होते.

"हे काय, अण्णा?"

"नाक्यावर रोज ड्यूटी संपली की आमची झडती व्हायची, वहिनी. खिसे असे बाहेर काढून रांगेत उभं राहायचं. बायकोनं दिलेला डबासुद्धा उघडून बघायचे. नाका बंद होईपर्यंत एक दिवस चुकला नाही." ते रुमालावरचं पेन सरळ करत म्हणाले, "तो आला की त्याच्यासमोर उचलून खिशात घालीन."

"अण्णा, तो बघणारसुद्धा नाही."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "म्हणूनच काढून ठेवलंय."